युरॅसिल

युरॅसिल हा आरएनए या न्यूक्लिइक अम्लाच्या घडणीत भाग घेणारा नायट्रोजनयुक्त क्षारक आहे. ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व युरॅसिल अशा चार क्षारकांनी आरएनएची शृंखला बनते. डीएनएमध्ये पहिले तीन क्षारक तेच असतात. मात्र युरॅसिलच्या जागी थायमीन असते. या दोन क्षारकांच्या रेणूंत केवळ एका मिथिल गटाचा फरक आहे. हा फरक लहान असला तरी गरोदरपणातील रक्तक्षय, कर्करोगावरील काही औषधे आणि आनुवंशिक मजकुराची दुरुस्ती या तिन्ही विषयांचे मूळ त्याच फरकात आहे. दक्षिण महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना हा पदार्थ ‘युरासिल’ या नावाने फवारणीचे द्रव्य म्हणून परिचित आहे.

नाव व शोध

‘युरॅसिल’ हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ रोबर्ट बेरेन्ड यांनी १८८५ मध्ये योजले. ते त्या काळी यूरिक अम्लाशी संबंधित संयुगे प्रयोगशाळेत तयार करण्याच्या खटपटीत होते, म्हणून नावाच्या आरंभी यूरिक अम्लाची खूण राहिली. सजीवांच्या शरीरात हा पदार्थ असतो हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते. १९०० मध्ये अल्बर्टो अस्कोली यांनी यीस्टमधील न्यूक्लिइक द्रव्याचे विघटन करून युरॅसिल वेगळे केले. हे काम आल्ब्रेख्ट कोसेल यांच्या प्रयोगशाळेत झाले. पेशींतील प्रथिने व न्यूक्लिइक द्रव्ये यांवरील संशोधनासाठी कोसेल यांना १९१० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एमिल फिशर व त्यांचे सहकारी रोडर यांनी १९०१ मध्ये युरॅसिलचे संश्लेषण केले.

रचना व गुणधर्म

युरॅसिलच्या एका रेणूत कार्बनचे ४, हायड्रोजनचे ४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे ११२ आहे. रेणूचा गाभा म्हणजे सहा अणूंचे एक वलय असून त्यात चार कार्बन व दोन नायट्रोजन असतात. अशा वलयाच्या क्षारकांना पिरिमिडीन म्हणतात. सायटोसीन व थायमीन हेही याच कुळातील होत. ॲडेनीन व ग्वानीन यांच्या रेणूंत दोन वलये जोडलेली असतात. त्यांचे कूळ प्यूरीन हे होय.

शुद्ध युरॅसिल हे पांढरे स्फटिकी चूर्ण असते. थंड पाण्यात ते अल्प प्रमाणात विरघळते, गरम पाण्यात व अल्कलीच्या विद्रावात अधिक विरघळते. तापविल्यास ३३० अंश सेल्सियसच्या पुढे ते वितळते व त्याबरोबर त्याचे विघटनही होते.

वलयातील अणूंना ठरावीक क्रमांक दिलेले असतात. त्यांपैकी पाचव्या क्रमांकाचा कार्बन या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. युरॅसिलमध्ये या कार्बनवर केवळ एक हायड्रोजन असतो. त्या जागी एक कार्बन व तीन हायड्रोजन यांचा मिथिल गट बसला की युरॅसिलचे थायमीन होते. फ्लुओरीन बसला की ५-फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरील औषध होते.

युरॅसिलला रायबोज ही शर्करा जोडली म्हणजे युरिडीन बनते. युरिडीनला एक, दोन किंवा तीन फॉस्फेट गट जोडले गेले की अनुक्रमे यूएमपी, यूडीपी व यूटीपी ही न्यूक्लिओटाइडे मिळतात. पेशीत मोकळे युरॅसिल थोडे असते; बहुतांश युरॅसिल या जोडलेल्या रूपांत वावरते.

आरएनएमधील कार्य

डीएनए हे पेशीतील मूळ दप्तर मानले, तर आरएनए ही कामापुरती काढलेली नक्कल होय. डीएनएवरून आरएनएची नक्कल काढताना, डीएनएमध्ये जेथे ॲडेनीन असेल तेथे समोर युरॅसिल ठेवले जाते. युरॅसिल व ॲडेनीन यांच्यात दोन हायड्रोजन बंध असतात. आरएनएची शृंखला स्वतःवरच दुमडते तेव्हा युरॅसिलची ग्वानीनशीही सैल जोडी जमू शकते. फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ‘डळमळीत जोडी’च्या कल्पनेत या जोडीला महत्त्वाचे स्थान आहे; एकच वाहक आरएनए अनेक सांकेतिक शब्द कसे वाचू शकतो, याचा उलगडा त्या कल्पनेने झाला.

जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला तो युरॅसिलच्याच मदतीने. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल निरेनबर्ग व हाइनरिख मथाई यांनी १९६१ मध्ये केवळ युरॅसिलच असलेली कृत्रिम आरएनए शृंखला पेशीविरहित मिश्रणात घातली. मिश्रणात जे प्रथिन तयार झाले ते फक्त फेनिलॲलानीन या एकाच ॲमिनो अम्लाचे होते. तीन युरॅसिल मिळून होणारा शब्द म्हणजे फेनिलॲलानीन, असा त्याचा अर्थ निघाला. पुढे उरलेल्या शब्दांचा उलगडा करण्यात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. निरेनबर्ग, खुराना व रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

डीएनएमध्ये युरॅसिल का नसते

सायटोसीन हा क्षारक पूर्णपणे स्थिर नाही. पाण्याच्या सान्निध्यात त्याचा ॲमिनो गट आपोआप गळून पडतो आणि मग जे उरते ते युरॅसिल असते. माणसाच्या एका पेशीत दिवसाला सुमारे शंभर ते पाचशे सायटोसीन अशा रीतीने पालटतात, असा अंदाज आहे. हा पालट दुरुस्त झाला नाही, तर पुढच्या नकलेत ग्वानीनऐवजी ॲडेनीन समोर येते व मजकूर कायमचा बदलतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

देवनागरी लिपीतील एका उदाहरणाने थायमीनचे प्रयोजन ध्यानात येते. जुन्या पोथीत ‘ब’ या अक्षराच्या पोटातील रेघ पुसट झाली की ते ‘व’ असे दिसते. पोथीत ‘व’ हे अक्षरही वापरात असेल, तर समोरचा ‘व’ मुळातला की पुसलेला ‘ब’, हे वाचणाऱ्याला ठरविता येत नाही. पण त्या पोथीत साधा ‘व’ कोठेच लिहायचा नाही, लिहायचा तर खूण करूनच लिहायचा, असा नियम असेल, तर खूण नसलेला प्रत्येक ‘व’ हा पुसलेला ‘ब’ आहे हे तत्काळ कळेल. सायटोसीन हा येथे ‘ब’ आहे, युरॅसिल हा साधा ‘व’ आहे आणि थायमीन हा खूण केलेला ‘व’ आहे. मिथिल गट हीच ती खूण.

ही चूक शोधण्याचे काम युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे विकर करते. ते डीएनएच्या शृंखलेवरून सरकत युरॅसिल हुडकते व तेवढाच क्षारक कापून काढते. मग इतर विकरे मोकळ्या जागी सायटोसीन बसवून शृंखला सांधतात. हे विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधून काढले. डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनासाठी लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांच्या गटाने जीवाणूंमधील या विकरावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

या व्यवस्थेला एक उणीवही आहे. डीएनएतील काही सायटोसीनांवर मिथिल गट जोडलेला असतो. अशा सायटोसीनचा ॲमिनो गट गळाला तर युरॅसिल न बनता थेट थायमीन बनते. ते डीएनएचेच अधिकृत अक्षर असल्यामुळे चूक सहज लक्षात येत नाही. मनुष्यातील आनुवंशिक विकारांना कारण होणाऱ्या एकअक्षरी बदलांत अशा ठिकाणी झालेल्या बदलांचे प्रमाण मोठे आहे.

आरएनए मात्र अल्पजीवी असतो. त्यातील एखादी नक्कल बिघडली तरी मूळ दप्तर सुरक्षित असते आणि नवी नक्कल काढता येते. म्हणून थायमीन बनविण्याचा खर्च पेशी आरएनएसाठी करीत नाही. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी तर या पालटाचा हेतुपुरस्सर उपयोग करतात. त्यांतील एक विकर प्रतिपिंडांच्या जनुकांतील सायटोसीनचे युरॅसिल करते आणि त्यातून प्रतिपिंडांचे नवनवे प्रकार उत्पन्न होतात. निसर्गात अपवादही आहेत. जीवाणूंवर जगणाऱ्या काही विषाणूंच्या डीएनएमध्ये थायमीनऐवजी युरॅसिलच आढळते.

युरॅसिलपासून थायमीन: फोलेट व रक्तक्षय

पेशीत पिरिमिडीन क्षारकांची न्यूक्लिओटाइडे बनतात तेव्हा आधी युरॅसिलचे न्यूक्लिओटाइड तयार होते. सायटोसीन व थायमीन यांची न्यूक्लिओटाइडे त्यापासूनच पुढे बनविली जातात. थायमीन होण्यासाठी पाचव्या कार्बनवर जो मिथिल गट बसवावा लागतो, तो फोलेट या ब-गटातील जीवनसत्त्वाकडून मिळतो आणि ही विक्रिया थायमिडिलेट सिंथेज हे विकर घडवून आणते.

आहारात फोलेट कमी पडले की दोन गोष्टी घडतात. थायमीन अपुरे पडते व पेशींचे विभाजन रखडते; आणि डीएनए बांधताना थायमीनच्या जागी युरॅसिल बसविले जाऊ लागते. दुरुस्तीचे विकर ते कापून काढते, पण भरण्यासाठी पुन्हा युरॅसिलच हाताशी असते. कापणे व भरणे वारंवार होऊन अखेर शृंखला तुटते. अस्थिमज्जेत रक्तपेशींचे विभाजन अहोरात्र चालू असल्याने पहिला परिणाम तेथे दिसतो. पेशी आकाराने वाढतात, पण त्यांचे वेळेवर विभाजन होत नाही. रक्तात मोठ्या आकाराच्या, संख्येने थोड्या तांबड्या पेशी येतात. हा बृहत्पेशी रक्तक्षय होय.

या रोगाचे कारण शोधण्याचा आरंभ मुंबईत झाला. ब्रिटिश वैद्य ल्युसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना, होणाऱ्या तीव्र व अनेकदा प्राणघातक रक्तक्षयाचा अभ्यास करण्याचे काम त्यांच्याकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी हे संशोधन केले. आधी जंतुसंसर्ग तपासून पाहिला, मग रुग्ण स्त्रियांच्या आहाराची चौकशी केली. आहार निकृष्ट असलेल्या स्त्रियांत रोग अधिक होता. त्याच प्रकारचा आहार देऊन रक्तक्षय झालेल्या माकडावर यीस्टच्या अर्काचा, म्हणजे मार्माइट या स्वस्त खाद्यपदार्थाचा, गुण दिसून आला. तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्या झपाट्याने सुधारू लागल्या. विल्स यांनी हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

तो घटक म्हणजे फोलेट होते, हे नंतर स्पष्ट झाले. १९४१ मध्ये अमेरिकेत हर्शेल मिचेल व सहकाऱ्यांनी पालकाच्या पानांतून ते मिळविले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. ज्या यीस्टमधून १९०० मध्ये युरॅसिल वेगळे काढण्यात आले, त्याच यीस्टमध्ये युरॅसिलचे थायमीन करणारे जीवनसत्त्वही होते.

आज भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली एक गोळी किमान १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीतील लोह हिमोग्लोबिन बनविण्यासाठी लागते, तर फॉलिक ॲसिड युरॅसिलचे थायमीन करण्यासाठी. गर्भाच्या मज्जारज्जूची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच होते, म्हणून त्यातील व्यंग टाळण्यासाठी फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, हरभरा, मूग, तूर व भुईमुगाचे दाणे यांत फोलेट असते. भाजी फार वेळ शिजविली किंवा शिजविलेले पाणी ओतून टाकले, तर त्याचा बराच भाग वाया जातो.

फोलेटचे चक्र चालू राहण्यासाठी ब-१२ या जीवनसत्त्वाचीही गरज असते. ते नसेल तर फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडते आणि पुरेसे फोलेट पोटात जाऊनही थायमीन बनत नाही. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत पुणे परिसरातील अनेकांच्या शरीरात ब-१२ कमी आढळले आहे. अशा व्यक्तीने केवळ फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जासंस्थेची हानी चालूच राहू शकते. त्यामुळे बृहत्पेशी रक्तक्षयात दोन्ही जीवनसत्त्वांची तपासणी करणे आवश्यक असते.

ऊस, हळद व यूडीपी

युरॅसिलचे कार्य आनुवंशिक मजकुरापुरते मर्यादित नाही. पेशीत शर्करा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जोडण्यासाठी ती आधी यूडीपीला बांधली जाते. यूडीपी-ग्लुकोज या संयुगाचा शोध अर्जेंटिनातील लुइस लेलोइर व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये लावला. वनस्पती याच संयुगापासून साखर बनवितात हेही त्यांच्या गटाने दाखविले. लेलोइर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उसाच्या पानात यूडीपी-ग्लुकोजमधील ग्लुकोज फ्रुक्टोज-फॉस्फेटला जोडले जाते व त्यानंतर फॉस्फेट निघून सुक्रोज म्हणजे नेहमीची साखर तयार होते. यूडीपी मोकळे होऊन पुन्हा नव्या ग्लुकोजसाठी उपयोगी पडते. कृष्णा व वारणा यांच्या खोऱ्यांत सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कारखान्यांत गाळला जाणारा ऊस आपली साखर याच मार्गाने साठवितो. साखरेत मात्र युरॅसिल नसते. ते केवळ वाहकाचे काम करते.

प्राण्यांच्या यकृतात यूडीपीला ग्लुक्युरॉनिक अम्ल जोडलेले असते. नको असलेले द्रव्य या अम्लाशी जोडून पाण्यात विरघळेल असे केले जाते व पित्तातून किंवा मूत्रातून बाहेर टाकले जाते. जुन्या तांबड्या पेशींतून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य असेच बाहेर पडते. नवजात बालकांत ही यंत्रणा अपक्व असते. त्यांना पहिल्या आठवड्यात जी कावीळ दिसते, तिचे हे एक प्रमुख कारण आहे. सांगलीच्या बाजारपेठेची ओळख असलेल्या हळदीतील करक्युमिन याचीही आतड्यात व यकृतात हीच गत होते. ते त्वरेने ग्लुक्युरॉनिक अम्लाला बांधले जात असल्याने रक्तात मुक्त स्वरूपात फारच थोडे पोहोचते.

द्राक्षबागांतील वापर

सांगली, मिरज व कुपवाड या शहरांच्या महानगरपालिकेभोवतालचा मिरज तालुका आणि त्याला लागून असलेले तासगाव व कवठेमहांकाळ हे तालुके द्राक्ष व बेदाणा यांसाठी प्रसिद्ध आहेत. ‘तास-ए-गणेश’ हा बिनबियांचा वाण तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या वाणातून निवडला.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होतात, तर ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या फळछाटणीनंतर घड येतात. मात्र घड येणार की नाही, हे ऑक्टोबरपूर्वीच ठरलेले असते. खरड छाटणीनंतर सुमारे ४० ते ७० दिवसांत काडीवरील डोळ्यात सूक्ष्म घडाची निर्मिती होते. डोळ्यातील त्या कोवळ्या अंकुराचा घड होऊ शकतो किंवा बाळी. जिबरेलिन या संप्रेरकाचे प्राबल्य असेल तर कल बाळीकडे, सायटोकायनिनचे असेल तर घडाकडे राहतो.

याच काळात युरॅसिल व ६-बीए यांच्या फवारण्या करण्याची पद्धत आहे. युरॅसिलसाठी २५ पीपीएम व ६-बीएसाठी १० पीपीएम ही मात्रा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. त्यानुसार २५ पीपीएमसाठी एका लिटर पाण्याला २५ मिलिग्रॅम, १०० लिटरला २.५ ग्रॅम व ५०० लिटरला १२.५ ग्रॅम शुद्ध युरॅसिल लागते. या प्रमाणात ते पाण्यात पूर्ण विरघळते. पण थोड्या थंड पाण्यात दाट द्रावण करावयास गेल्यास चूर्ण तळाशी बसते आणि पंपाच्या टाकीत मात्रा असमान होते. गरम पाण्यात आधी विरघळवून मग टाकीत मिसळल्यास हा दोष टळतो.

या दोन द्रव्यांची कार्ये भिन्न आहेत. ६-बीए म्हणजे बेंझिलॲडेनीन हे ॲडेनीनपासून बनविलेले सायटोकायनिन आहे व ते संप्रेरकाप्रमाणे पेशीला विभाजनाची सूचना देते. युरॅसिल हे संप्रेरक नाही. वाढत्या पेशीत आरएनए मोठ्या प्रमाणावर बनतो, त्याचा एक कच्चा घटक पुरविणे एवढाच त्याच्या फवारणीमागील हेतू असतो. वनस्पतीची पेशी स्वतःही युरॅसिल बनविते. त्यामुळे डोळ्यांवर पुरेसा सूर्यप्रकाश पडणे, काड्यांची विरळणी, नत्राचा व पाण्याचा बेताचा पुरवठा आणि पानांचे आरोग्य या गोष्टींची जागा युरॅसिल घेऊ शकत नाही. मे-जूनमध्ये आभाळ दीर्घकाळ भरून राहिल्यास किंवा वेलीवर गर्दी होऊन डोळे सावलीत गेल्यास फवारणी करूनही घड कमी लागतात, ते यामुळेच.

नावातील साम्यामुळे एक सावधगिरी बाळगावी लागते. ब्रोमॅसिल व टर्बॅसिल ही युरॅसिलपासून साधलेली तणनाशके आहेत. ती प्रकाशसंश्लेषण रोखतात. वेलीवर फवारावयाच्या युरॅसिलशी त्यांचा नावापलीकडे व रेणूच्या गाभ्यापलीकडे संबंध नाही, म्हणून डब्यावरील घटकाचे नाव पूर्ण वाचणे महत्त्वाचे ठरते.

औषधांमध्ये

१९५४ मध्ये असे दिसून आले की उंदरांच्या यकृतातील अर्बुदे निरोगी ऊतकापेक्षा अधिक युरॅसिल वापरतात. त्यावरून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरॅसिलच्या पाचव्या कार्बनवर फ्लुओरीन बसविण्याची कल्पना मांडली. १९५७ मध्ये ५-फ्लुओरोयुरॅसिल तयार झाले. पेशी त्याला युरॅसिल समजून आत घेते. थायमीन बनविणारे विकर त्याला मिथिल गट जोडू पाहते, पण ती जागा फ्लुओरीनने अडविलेली असल्यामुळे विकर त्यालाच चिकटून निकामी होते. फोलेटअभावी अस्थिमज्जेत जे नकळत घडते, तेच येथे अर्बुदाच्या पेशीत मुद्दाम घडवून आणले जाते. मोठे आतडे, जठर, स्तन इत्यादींच्या कर्करोगात हे औषध वापरतात. कॅपेसिटाबीन हे गोळीच्या रूपात घेण्याचे औषध असून शरीरात त्याचे रूपांतर ५-फ्लुओरोयुरॅसिलमध्ये होते.

शरीरात युरॅसिलचे विघटन ज्या विकराने सुरू होते, तेच विकर या औषधाचाही बहुतांश भाग नष्ट करते. काही व्यक्तींमध्ये हे विकर जन्मतः कमी असते. अशांना नेहमीची मात्रासुद्धा घातक ठरू शकते. तोंड व आतड्यांत व्रण होतात, अतिसार होतो, पांढऱ्या पेशी फार घटतात. हा दोष असलेल्यांच्या रक्तात युरॅसिलचे प्रमाण वाढलेले आढळते. म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी या विकराची तपासणी करण्याची शिफारस केली. त्यासाठी जनुकाची चाचणी किंवा रक्तातील युरॅसिलचे मापन करता येते. अतिमात्रेवर युरिडीन ट्रायॲसिटेट हा उतारा उपलब्ध आहे. फॉलिक ॲसिडमुळे या औषधांचा विषारी परिणाम वाढू शकतो. त्यामुळे रुग्ण लोह-फोलेटच्या किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असेल, तर ते कर्करोगतज्ज्ञांना सांगणे आवश्यक असते.

थायरॉइड ग्रंथीची अतिक्रिया रोखणारे प्रोपिलथायोयुरॅसिल आणि यकृतशोथ-क या रोगावरील सोफोस्ब्युविर ही औषधेही युरॅसिलच्या कुळातील होत.

एमआरएनए लसींच्या बाबतीत युरॅसिलच मुख्य अडचण होते. बाहेरून आलेल्या आरएनएमधील युरिडीन ओळखून शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते. युरिडीनऐवजी स्यूडोयुरिडीन वापरल्यास हे टळते, असे कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखविले. स्यूडोयुरिडीनमध्ये शर्करा नेहमीच्या नायट्रोजनऐवजी पाचव्या कार्बनला जोडलेली असते. कोविड-१९ वरील काही प्रमुख लसी याच तत्त्वावर तयार झाल्या व या दोघांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिली स्वदेशी एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने विकसित केली. तिला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

अवकाशातील अस्तित्व

१९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत युरॅसिल आढळले असून ते पृथ्वीबाहेरचे आहे, हे २००८ मध्ये समस्थानिकांच्या आधारे दाखविण्यात आले. जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍युगू या लघुग्रहावरून आणलेले नमुने डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर पोहोचले. त्यांतही युरॅसिल असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. हे नमुने बंद कुपीत आणलेले असल्याने पृथ्वीवरील दूषणाची शंका त्यांच्याबाबत फारशी उरत नाही. सजीवांच्या आरंभकाळी आरएनए हेच आनुवंशिक द्रव्य होते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ते मत ग्राह्य धरल्यास युरॅसिल हे आधीचे अक्षर ठरते आणि थायमीन ही त्याला मजकुराच्या रक्षणासाठी नंतर जोडलेली खूण ठरते. सजीव पेशी आजही थायमीन बनविताना आधी युरॅसिलचे न्यूक्लिओटाइड बनविते व मगच त्यावर मिथिल गट चढविते, ही बाब या मताशी सुसंगत आहे.

हेही पहा

थायमीन
सायटोसीन
ॲडेनीन
आरएनए
फॉलिक ॲसिड
ल्युसी विल्स
हाफकिन संस्था
द्राक्ष